बेन नेव्हिस आणि आमचा डोंगर

ज्ञान लांबून आलेलं असेल तरच त्याला मार्क मिळतात. माझ्या केतनला प्रांजल झाली, त्याच वर्षी मी कचरागाडीवरून रिटायर झालो आणि बाराखडी गिरवायला बसलो. आता ती सहावीत आहे. नात आणि आजोबा बरोबरीने ब्रिटन शिकतो.

मानखुर्दच्या मुलीला टेम्स नदी ठाऊक नसावी, ही गंभीर बाब शाळेच्या लक्षात आली आहे. त्यासाठी पद्धत आहे. आधी मथळे वाचायचे, मग ठळक शब्द, मग खालचे प्रश्न. (वेळ उरल्यास धडा.) वहीत तीन रकाने : काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचंय, काय कळलं. पहिल्या रकान्यात प्रांजलने ब्रिटनबद्दल प्रामाणिकपणे ‘चहा’ लिहिलं.

हेन्री आठव्याला सहा बायका होत्या, हे ऐकून आमची सोनूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, “सहा? आणि तुम्हाला एकीचं ऐकवत नाही!”

“तो मेला कधी ते रंगव गं,” मी प्रांजलला म्हटलं. तिने तारीख पिवळी केली. (पिवळं ते महत्त्वाचं.)

चाचणीत वीसपैकी पंधरा हवे होते. नाहीतर शनिवारी जादा वर्ग, आणि शनिवारीच फुटबॉल. म्हणजे टीममधून नाव कट.

मिळाले चौदा. पाच मार्कांचा प्रश्न होता : ‘बेन नेव्हिसची तुमच्या जवळच्या डोंगराशी तुलना करा.’ आमच्या खिडकीतून देवनारचा दिसतो. प्रांजलने लिहिलं :

‘बेन नेव्हिस हा विझलेला ज्वालामुखी आहे. आमच्या डोंगरातून अजून धूर येतो. बेन नेव्हिसची उंची ठरलेली आहे. आमच्याची रोज ठरते. बेन नेव्हिस कुणी बांधला नाही. आमचा आबांनी बांधला.’

शून्य. शेजारी लाल शेरा : ‘संदर्भ?’

मी स्वतः संदर्भ म्हणून शाळेत गेलो.

“आजोबा, हे कुठल्या पुस्तकात आहे?” माधुरी टीचरनी विचारलं.

“पुस्तकात नाही, बाई. मी एकतीस वर्षं गाडीवर होतो. त्यातली एकोणीस माझा जोडीदार दशरथ होता. देवनारला गाड्या ओतून ओतून आम्हीच रचलाय.”

“अहो, पण पुरावा?”

“टीचर, तुम्ही घाटकोपरलाच राहता ना?” प्रांजल म्हणाली. “तुमच्या सोसायटीचा कचरा आबाच उचलायचे.”

बाईंनी बराच वेळ लाल पेनाचं टोपण शोधलं. (ते पेनालाच होतं.) मग पाच दिले. या शनिवारी प्रांजल गोलकीपर आहे.

पद्धत खरंच चांगली आहे, तुम्हीही करून पाहा. पिवळा पेन घ्या आणि महत्त्वाची तेवढी तारीख रंगवा. इंग्लंडचा राजा हेन्री आठवा २८ जानेवारी १५४७ रोजी वारला. तुमच्या दाराची पिशवी एकोणीस वर्षं उचलणारा दशरथ १४ ऑगस्ट २०११ रोजी वारला.