गावकरबुवांचा मुका क्लास

भजन शिकवणारा माणूस वर्ग सुरू होताच पहिली आज्ञा काय देईल? आमचे गावकरबुवा देतात, "सगळ्यांचो आवाज बंद!"

चिंचपोकळीच्या आमच्या चाळीतून बुवा दर मंगळवारी सात वाजता ऑनलाइन भजनक्लास घेतात. शिष्य बारा, कोणी विरारला, कोणी बदलापूरला. मीटिंग लावून देण्याचं काम माझं. आमच्या घरात पदवी मिळवलेला मी पहिलाच. नोकरीसाठी इथे आलो, तेव्हा बुवांनीच आपल्या माळ्यावर मला जागा दिली. त्यामुळे ही लिंक मी ऑफिसच्या कामापेक्षा मनापासून पाठवतो.

मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून बुवा पेटीवर बसतात. गातात ते एकटेच. पडद्यावरच्या चौकटींत बारा तोंडं नुसती उघडझाप करतात, काचेच्या टाकीतल्या माशांसारखी. तरी बुवा चुका काढतात. "शोभा, टाळ उशिरा पडता!" "महेश, तोंड उघड! हय दातांचो डॉक्टर नाय बसलो!"

"बुवा, आवाज बंद असताना तुम्हाला ऐकू कसं येतं?" मी एकदा विचारलं.

"कानान काय, कोणय ऐकता. मी डोळ्यांनी ऐकतंय."

शेवटी शोभाताईंचा मला फोन आला. "अरे, आम्ही सुरात आहोत की बेसूर, ते कळणार कधी? असंच चाललं तर मी काही येत नाही बाबा." आणखी दोघं तेच म्हणाले. क्लास मोडतो की काय, अशी मला काळजी लागली. सगळे एकदम गायले की नेटमुळे आवाज मागेपुढे होतात, हे खरं. पण एकेकाचा ऐकता येतोच की! बुवांना तसं सुचवलं.

"बटणाक हात लावशीत तर माळ्यावरसून खाली येशीत," बुवा म्हणाले.

पुढच्या मंगळवारी बुवा दवाखान्यात अडकले. "तोवर गजर चालू ठेव," असा त्यांचा फोन आला. मी संधी साधली आणि एकेकाचा आवाज उघडला. शोभाताई गायल्या, महेश गायला. मग तात्या परबांची पाळी आली. तात्या सत्तरीचे, बुवांचे जुने साथीदार. क्लासमध्ये सगळ्यांत मोठं तोंड उघडून गाणारे तेच.

"तात्या, होऊ द्या!" मी म्हटलं.

तात्यांनी गळ्याभोवतीचा मफलर नीट केला. हसले. पत्र्यावर कागद घासावा तशी खरखर आली, आणि त्यांची चौकट गेली.

बुवांना सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"गळ्याचा ऑपरेशन झाला तेचा. आवाज गेलो तो गेलोच," ते म्हणाले. "लग्नाआधीपासून माझ्या पाठी गाता तो. तो काय माझ्याकडे शिकूक येता?"

त्या पुढच्या मंगळवारी तात्या आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. बुवा पेटी उघडायचे आणि सव्वासातपर्यंत नुसता पडदा बघत बसायचे.

मग मी ग्रुपवर लिहिलं, 'त्या दिवशी माझ्याकडून सेटिंग बिघडलं. माफ करा. यापुढे क्लासमध्ये कोणाचाच आवाज उघडणार नाही. सूर तपासायचा असेल त्यांनी बुवांना वेगळा फोन करावा.' शोभाताईंनी लगेच अंगठा पाठवला. काही विचारलं नाही.

काल सात वाजून दहा मिनिटांनी तात्यांची चौकट उघडली. बुवांनी बघून न बघितल्यासारखं केलं आणि गजर धरला. तात्यांचे ओठ हलू लागले, मान डोलू लागली. दुसऱ्या कडव्याला बुवांनी पेटी थांबवली.

"तात्या! मेल्या, अजून घाईच करतस? चाळीस वर्सां सांगतंय, समेक थांब!"

तात्यांनी दोन्ही कान पकडले आणि पुन्हा पहिल्यापासून गायला लागले.