मार्गशीर्षातला हलका टार्ट

सूनबाईंचा, मैथिलीचा, फोन आला. "बाबा, नाताळच्या सुट्टीत आलो की तुपातलं काही नको हं. हलकं काहीतरी करा." हे खरं तर गौरीला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगायचं होतं, पण फोन मी उचलला होता. (निवृत्त माणूस फोन फार पटकन उचलतो.) मी तिथल्या तिथे ठरवलं, फ्रूट टार्ट आपणच करायचा. बत्तीस वर्षांत गौरीने माझ्या एकाही कामाला छान म्हटलेलं नाही. एकदा तरी म्हणायला लावायचंच.

मोबाइलवर एक गावरान टार्ट सापडला. मैद्याच्या पोळीवर फळं मांडून कडा वेड्यावाकड्या दुमडायच्या, जितक्या ओबडधोबड तितकं चांगलं. माझ्यासाठीच काढलेला पदार्थ! हलका व्हावा म्हणून मी अंडं गाळलं, साखर गाळली आणि लोणी चमचाभरच घेतलं.

मैथिली येणार त्या गुरुवारी दुपारी गौरी शेजारी आनंदीबाईंकडे चौरंग आणायला गेली. फ्रिजवरच्या परडीत सफरचंद, पेरू, चिकू, केळं, संत्रं, एकेक अशी फळं माझीच वाट बघत होती. चिरली, पोळीवर मांडली, ओव्हनमध्ये सरकवली.

गौरी परत आली. "अहो, परडीतली फळं कुठायत?"

"ओव्हनमध्ये."

"मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आज! पूजेत मांडून पाच सवाष्णींना द्यायची होती ती! उद्यापन आहे माझं!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला खरंच वाईट वाटलं. मी स्कूटर काढली. पण दिवेआगरात पर्यटक इतके, की फळांच्या गाड्यांवर नुसती ताडपत्री उरलेली. आमच्या वाडीत म्हणाल तर नारळ आणि सुपारी.

हात हलवत परतलो, तर सवाष्णी ओटीवर हजर. आनंदीबाई बाकावर बसल्या आणि बाकासकट कलंडल्या. "शरद, हा बाक अजून डुगडुगतोच रे!" (चार महिने गौरीही तेच सांगतेय.)

गौरीने रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. आनंदीबाईंनी माझी उलटतपासणी घेतली.

"अंडं घातलंस त्यात?"

"नाही, हलका आहे."

"फळं पाच?"

"मोजून पाच."

"मग मांड देवीपुढे. चिरली म्हणून काय झालं, फळंच ती!"

पूजा झाली. गौरी हसली. माझी छाती फुगली, ती टार्ट कापायला घेईपर्यंत. सुरी वाकली. आनंदीबाईंनी पिशवीतून सुपारीचा अडकित्ता काढला, तेव्हा कुठे पाच तुकडे पडले. बायकांनी वरची फळं खाल्ली आणि खालच्या पोळीला नमस्कार करून ताटल्या परत दिल्या. तेवढ्यात पोचलेल्या मैथिलीनेही चव घेतली. "हलकाय बाबा," ती म्हणाली, "काही खाल्लंय असं वाटतच नाही."

सकाळी चहा घेऊन तोंड पाडून बाकावर बसलो. बाक हलला नाही. वाकून बघितलं. आखूड पायाखाली माझ्या टार्टचा एक तुकडा.

"छान बसलाय हो!" गौरी मनापासून म्हणाली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

आज आठ दिवस झाले. तुकडा जागच्या जागी आहे. मुंगीसुद्धा फिरकलेली नाही.