ओकऱ्यांचे घर

डॉड स्ट्रोनीने पत्र तिसऱ्यांदा वाचले, आणि हसू आवरेना म्हणून चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एल्स्पेट, ऐक तरी. गावात कुणाच्या तरी घराला 'ओकऱ्या' म्हणतात म्हणे. बिचारे. कुणाच्या वाट्याला काय नाव येईल, सांगता येत नाही."

एल्स्पेट ओटच्या पिठात हेरिंग घोळवत होती. तिचा हात थांबला. मग तिने तोच मासा पुन्हा एकदा दोन्ही अंगांनी घोळवला.

"चहा घेतोस?" ती म्हणाली.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या पोर्टस्ट्रोन गावात घरे सेहेचाळीस, आणि त्यांतली एक्केचाळीस स्ट्रोनींची. त्यांत विल्यम नऊ, जेम्स अकरा. नुसत्या आडनावाने हाक मारली तर अर्धे गाव 'ओ' देणार. म्हणून पूर्वीपासून प्रत्येक घराला एक जोडनाव चिकटलेले: कुणी राजा, कुणी बटाट्या, कुणी मोठा जोडा. ही नावे मतदारयादीत असत, डॉक्टरच्या वहीत असत, आणि माणूस गेला की दगडावरही कोरली जात. आता तोंडावर घ्यायचे नाव आणि पाठीमागे घ्यायचे नाव एकच असेल असे मात्र नाही. काही नावे अशी असत की ती त्या घराच्या माणसाच्या कानावर जाऊ द्यायची नाहीत, असा गावाचा रिवाज होता. हा रिवाज सगळ्यांना पाठ होता. फक्त तो आपल्यालाही लागू असेल असे कुणाला वाटत नसे.

डॉडचे घर म्हणजे 'पोस्ट'. आजा, बाप आणि तो, तीन पिढ्या पोस्टमन. डॉडने एकोणचाळीस वर्षे पत्रे वाटली आणि एकही परत पाठवले नाही. पाकिटावर नुसते 'आजी, पोर्टस्ट्रोन' लिहिलेले असले तरी त्याने अक्षर बघून बरोब्बर आजी शोधली होती. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली तरी हा अभिमान त्याच्या चालण्यातही दिसत असे.

पत्र न्यूझीलंडहून आले होते, नोलीन स्ट्रोनी नावाच्या निवृत्त शिक्षिकेचे. या बाईंनी जगभरातले स्ट्रोनी शोधून काढले होते. एकूण अकराशे भरले: कॅनडात इतके, ऑस्ट्रेलियात तितके, आणि फिजी बेटावर एक, तो तिथे काय करतो ते त्यालाही सांगता आले नव्हते. बाईंनी मोठा नकाशा करून पाठवला होता, मधोमध पोर्टस्ट्रोनची घरे मांडून. परदेशातल्या प्रत्येक कुटुंबाच्या टाचणीला लाल दोरा, आणि दोऱ्याचे दुसरे टोक गावातल्या कुठल्या घराला बांधायचे ते तुम्ही ठरवा, अशी विनंती होती. नकाशा गावच्या हॉलमध्ये लागला आणि काम साहजिकच डॉडकडे आले.

हॉलमध्ये दोन दिवस आडनावाच्या मुळावरूनच भांडण झाले. जुन्या भाषेत 'स्ट्रोन' म्हणजे नाक. गावाच्या टोकाला समुद्रात घुसलेला डोंगर नाकासारखा, त्यावरून नाव पडले, असे शाळेचे म्हणणे. त्र्याण्णव वर्षांची बाबी आत्या, जी सगळ्या गावाचीच आत्या होती, म्हणाली की डोंगराचा काही संबंध नाही, मूळ पुरुषाचेच नाक तेवढे होते. सभेतल्या नाकांकडे एक नजर टाकल्यावर हा मुद्दा कुणाला खोडता आला नाही.

डॉडने आठवड्यात सगळे दोरे बांधले. उरला एक, खुद्द नोलीनबाईंचा. त्यांचे आजोबा विल्यम १९११ साली गाव सोडून गेले आणि पुन्हा आले नाहीत. मरताना एवढेच म्हणाले, की कधी कुणी गावी गेलात तर विल्यम स्ट्रोनीचे घर विचारू नका, ओकऱ्यांचे घर विचारा.

नकाशावर आता एक दोरा घराविना लोंबत होता आणि एक घर दोऱ्याविना होते. ते घर डॉडचे. त्याला मूलबाळ नव्हते, भावंड नव्हते, आणि घराण्यातले कुणी परदेशी गेल्याचे त्याने ऐकले नव्हते. "आपल्यापाशी दोरी संपली," असे तो एल्स्पेटला एकदा म्हणाला, हसत म्हणाला, आणि मग बराच वेळ दुसऱ्याच घरांच्या गाठी तपासत राहिला. ते घर आणि तो दोरा यांच्यात वीतभर अंतर होते. हॉलमध्ये येणारा प्रत्येक जण ते बघे आणि घाईने कोट-टोपी शोधू लागे.

डॉडने दारोदार चौकशी सुरू केली. बटाट्यांकडे विचारले, "ओकऱ्या कुणाचं रे घर?" त्यांनी चहा ठेवला. मोठ्या जोड्यांकडे चहा आणि केक मिळाला. बाबी आत्याने तर आधी चहा दिला, मग तिला अचानक ऐकू येईनासे झाले. तीन दिवसांत डॉड सव्वीस कप चहा प्याला, आणि नोलीनबाईंचे विमान आठ दिवसांवर आले.

शेवटी त्याने धक्क्यावर सँडी राजाला गाठले. सँडी आपली बोट रंगवत होता आणि त्याच्याकडे चहाची सोय नव्हती. त्यामुळे त्याला उत्तर द्यावे लागले.

"ते... ते टोकाचं बंद घर," सँडी म्हणाला. "तेच ओकऱ्यांचं."

"तिथे मी जन्मात पत्र टाकलं नाही."

"रिकाम्या घराला पत्र कोण लिहील, डॉड?"

यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. डॉडने त्याच दिवशी दोरा बांधला आणि नोलीनबाईंना कळवून टाकले.

सँडीने तोंडातून काढलेला शब्द आता सगळ्या गावाला निस्तरावा लागला. ते बंद घर म्हणजे जुने मिठाचे कोठार होते, हे फक्त ऐंशीच्या पुढच्यांना ठाऊक होते आणि त्यांनी तोंडाला कुलूप घातले. डॉडने स्वतः भिंतींना चुना दिला. बटाट्यांनी टेबल आणले, कुणी पलंग आणला. बाबी आत्याने माळ्यावरून एका दाढीवाल्याची तसबीर काढून दिली. तो कोण होता ते तिलाही माहीत नव्हते, पण नाक जुळत होते. डॉडने दारावर लावायला सुबक अक्षरांत पाटी रंगवली: 'ओकऱ्या स्ट्रोनी यांचे मूळ घर'. पाटी वाळत असताना एल्स्पेट दोनदा त्याच्यापाशी येऊन उभी राहिली, आणि दोन्ही वेळा चहाचे विचारून परत गेली.

नोलीनबाई आल्या. उंच, कपाळावर टोपी, आणि नाक असे की ओळखपत्राची गरजच नव्हती. "मिस्टर स्ट्रोनी?" असे त्यांनी बसमधून उतरताच विचारले आणि सतरा माणसे पुढे झाली. त्या कोठारात गेल्या, भिंतीवर हात ठेवला, आणि त्यांना रडू आले. गावकऱ्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. एकटा डॉड अभिमानाने उभा होता.

डोळे पुसून बाईंनी इकडे तिकडे पाहिले. "इथे चूल कुठे होती?"

चूल नव्हती. धुराडेही नव्हते.

"ओकऱ्याच ते," सँडी म्हणाला. "त्यांना चुलीचा काय उपयोग?"

बाईंना ते पटले, कारण त्या हळूच मान हलवून म्हणाल्या की आजोबांचे जेवण अगदी बेताचे होते. मग त्यांनी एक इच्छा सांगितली. आजोबांनी गाव शेवटचे पाहिले ते समुद्रावरून. तसेच आपल्यालाही एकदा पाहायचे आहे, आणि डॉडशिवाय आपण जाणार नाही, कारण आपले घर त्याने शोधले.

डॉडने गुडघ्याचे कारण काढले. आयुष्यभर त्याच्याकडे डाकेचे कारण होते. निवृत्त झाल्यावर गुडघा कामाला आला होता. लहानपणी तो एकदाच बोटीत बसला होता आणि त्या प्रसंगाचा विषय घरात पुन्हा निघाला नव्हता. बाप म्हणायचा, आपण लिहितीवाचती माणसे, आपल्याला पाण्यावर काय काम? पण पाहुणीला नाही कसे म्हणणार? दुसऱ्या दिवशी दुपारी सँडीच्या बोटीत नोलीनबाई, डॉड, एल्स्पेट आणि कुणाचे न ऐकता चढलेली बाबी आत्या असे बसून निघाले.

डोंगराच्या नाकाला वळसा घालेपर्यंत सगळे ठीक होते. पलीकडे लाट लागली. डॉडने टोपी काढली. नोलीनबाई एक वाक्य अर्धवट टाकून उठल्या. दोघे एकाच वेळी कठड्याकडे गेले, एकाच बाजूला, डावा हात कठड्यावर आणि उजव्या हातात टोपी अशा एकाच थाटात ओणवे झाले, आणि पुढची दहा मिनिटे बोटीवर दुसरे काही घडले नाही.

"माफ करा," नोलीनबाई मधल्या सवडीत म्हणाल्या. "आमच्या घराण्यातच आहे हे. आजोबा सहा आठवडे बोटीवर असेच होते. उतरल्यावर त्यांनी शपथ घेतली की पुन्हा बोटीत पाऊल ठेवायचं नाही. म्हणून तर आम्ही न्यूझीलंडचे झालो. नाहीतर ते परतच आले असते."

"आमच्याकडेही तेच," डॉड कठड्यावरून म्हणाला. "बापाला, आजाला. धक्क्यावर उभं राहूनही आजाला..."

तो तिथेच थांबला. सँडी इंजिनात काहीतरी शोधू लागला, इंजिन उत्तम चालले असताना.

डॉड हळूहळू वळला. त्याचा चेहरा आधीच हिरवा होता, आता पांढरा पडला. "एल्स्पेट. आपल्या घराला गाव काय म्हणतं?"

"पोस्ट."

"तोंडावर नव्हे. पाठीमागे."

एल्स्पेटने इकडे तिकडे पाहिले. बोटीवर चहा नव्हता. "लग्न होऊन आले त्याच आठवड्यात कळलं मला," ती म्हणाली. "चव्वेचाळीस वर्षं सांगीन सांगीन म्हणत होते."

"तिला कशाला विचारतोस? मला विचार," बाबी आत्या म्हणाली. तिला पुन्हा छान ऐकू येऊ लागले होते. "पहिल्या लढाईत तारा यायच्या, मुलगा गेला म्हणून. तुझा आजा ती तार दारात देऊन निघून जायचा नाही रे. आत यायचा, बसायचा, बाईबरोबर रडायचा. माझ्या आजीकडे तो सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसला होता. त्यानंतर गावानं ठरवलं, या घराला तोंडावर ते नाव कुणी म्हणायचं नाही. पोरानं म्हटलं तर पोराच्या थोबाडीत. तुझ्या कानावर कसं येणार?"

डॉडने नाक पुसले, मग डोळे पुसले.

"पण आजानं या विल्यमचं, आपल्या भावाचं, नाव कधी काढलं नाही," तो शेवटी म्हणाला.

"भावानं पत्र टाकलं नाही ना. आई वाट बघून बघून गेली. पोस्टमनच्या घरी पत्र नाही, याची लाज वाटायची त्याला," बाबी आत्या म्हणाली.

नोलीनबाईंनी आपली पिशवी उघडली. "टाकलं होतं," त्या म्हणाल्या.

पाकीट पिवळे पडले होते. वर सुरेख अक्षरांत 'मिसेस स्ट्रोनी, पोर्टस्ट्रोन, स्कॉटलंड' एवढेच होते. त्या वेळी गावात मिसेस स्ट्रोनी तिसाच्या वर होत्या. सगळ्या जगाला दिसेल असे 'ओकऱ्या' लिहायची विल्यमला लाज वाटली, आणि पत्र शहरातूनच 'पत्ता अपुरा' असा शिक्का घेऊन परत गेले. मानी माणूस, त्याने दुसरे लिहिले नाही. पण हे जपून ठेवले.

डॉडने पाकीट हातात घेतले. सवयीने त्याने आधी तिकीट पाहिले, मग शिक्का, मग पत्ता. "पत्ता अपुरा कसला?" तो म्हणाला. "अक्षर बघून मी दिलं असतं." आणि ते पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवून तो घाईने पुन्हा कठड्याकडे गेला. नोलीनबाईही त्याच्या पाठोपाठ गेल्या. या खेपेस त्याने डावा हात त्यांच्या पाठीवर ठेवला होता.

संध्याकाळी सगळे गाव हॉलमध्ये जमले. डॉडने कोठाराची गाठ सोडली आणि दोरा वीतभर अलीकडे आणून स्वतःच्या घराला बांधला. गाठ त्याने एल्स्पेटला मारायला लावली. त्या टाचणीशी किती माणसे आहेत असे त्याने विचारले. नोलीनबाई म्हणाल्या, सत्तेचाळीस, आणि एक येत्या महिन्यात. डॉडने तो आकडा दोनदा म्हणून पाहिला. मग कोठाराच्या दारावरून उतरवून आणलेली पाटी काखेत मारली, हातोडी मागून घेतली आणि तडक घरी जाऊन आपल्या दारावर ती ठोकली.

सँडी राजा मागोमाग आला होता. आपल्या थापेचा शेवट इतका गोड झाला म्हणून तो भलताच खुशीत होता.

"पण काय रे डॉड, एकाहत्तर वर्षं माणसाला आपल्याच घराचं नाव माहीत नाही म्हणजे कमाल झाली. माझं बघ. राजा. तोंडावर राजा, पाठीमागे राजा."

डॉडने शेवटचा खिळा ठोकला आणि त्याच्याकडे फार मायेने पाहिले. एकोणचाळीस वर्षे तो दारोदार फिरला होता.

"हो ना," तो म्हणाला. "चहा घेतोस?"

सँडी हसला. मग त्याचे हसू जरा कमी झाले. त्याने एल्स्पेटकडे पाहिले, ती किटली भरायला आत गेली होती. बाबी आत्याकडे पाहिले, तिला पुन्हा ऐकू येत नव्हते. तो तिथून निघाला तो बटाट्यांकडे गेला, तिथून मोठ्या जोड्यांकडे, मग पुढच्या दारी, त्याच्या पुढच्या दारी. आणि प्रत्येक घरात त्याला चहा मिळाला.