हातभर पलीकडची भट्टी

जमीन ही पृथ्वीवरची सर्वांत स्थिर वस्तू आहे आणि हद्द ही सर्वांत चंचल. जन्मभर शाळेत भूमिती शिकवूनही हे सत्य मला निवृत्तीनंतरच उमगलं, तेही परसात चूल-भट्टीची खोली बांधल्यावर.

फरगाना खोऱ्यातल्या आमच्या गावात बांधकामाची परवानगी काढण्याची पद्धत अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. कचेरीत गेलं की विचारतात, "बांधून झालंय का?" नाही म्हटलं तर, "मग घाई काय आहे?" हो म्हटलं तर, "मग परवानगी कशाला?" या दोन प्रश्नांच्या मधे जी फट राहते, तीत आमचं निम्मं गाव उभं आहे. मी कायदा पाळणारा माणूस असल्यामुळे कचेरीच्या दारापर्यंत जाऊन आलो. "तात्पुरतीच आहे," असं तिथल्या पहारेकऱ्याला तोंडी कळवलंही.

आमच्याकडे अशा कामाला हशर बोलावतात. म्हणजे सगळी गल्ली फुकट राबते आणि यजमान पुलाव खाऊ घालतो. हशरला न येणारा माणूस गल्लीत जिवंत धरला जात नाही. (आजारी असल्यास खुर्चीत बसून सल्ले द्यायची सवलत आहे.) भिंतीला भिंत लागून राहणारे एरगाश-अका, म्हणजे एरगाशदादा, निवृत्त बसचालक, सर्वांत आधी आले. आमच्यामधली जुनी मातीची भिंत त्या वसंतातल्या पावसात विरघळून गेली होती, त्यामुळे हद्द माझ्या स्मरणशक्तीवर सोपवलेली होती. दोरी मीच धरली. रेघ अगदी सरळ आली, फक्त हातभर पलीकडे. रेघेला रुंदी नसते, हे मी पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. भट्टीला असते, हे अभ्यासक्रमात नव्हतं.

एरगाश-अकांच्या ते लक्षात आलं होतं. पण दुसऱ्याच्या हशरला जाऊन हद्दीचा विषय काढणं, तेही कढईत तांदूळ पडलेले असताना, हा आमच्यात असभ्यपणा समजतात. तेव्हा त्यांनी स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या हातांनी, माझी भिंत रचली. वर ओळंबा लावून म्हणाले, "मास्तर, बघा कशी उभी राहिली! सलामच ठोकतेय तुम्हाला."

भट्टी पेटली. रोट्या अशा निघू लागल्या की सलोमत, म्हणजे माझी बायको, पहिला घाणा रोज गल्लीत वाटू लागली. सगळं सुरळीत होतं. मग एरगाश-अकांच्या धाकट्याचं, दिल्शोदचं लग्न ठरलं. त्यांनी माझ्या भट्टीच्या भिंतीला टेकून त्याची खोली बांधली. आणि आमच्या रिवाजाप्रमाणे मुलीची आई मुनीरा-अपा, म्हणजे मुनीराताई, टेप घेऊन खोली मापायला आल्या. फर्निचर मुलीकडचे देतात. चार दारांचं कपाट करून तयार होतं. खोली हातभर कमी भरली. मुनीरा-अपांनी टेप गुंडाळली.

"कपाट मावत नसेल, तर मुलगीही मावायची नाही," त्या म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत कळवा."

संध्याकाळी एरगाश-अका माझ्या भट्टीपाशी येऊन उभे राहिले. "मास्तर, माझ्या बापाच्या जमिनीवर तुमची रोटी भाजतेय, भाजू दे. तीळ तेवढे जास्त घाला. पण पोराचं लग्न मोडतंय हो."

"अका, त्या दिवशीच का नाही बोललात?"

"कसा बोलणार? तोंडात तुमचा पुलाव होता."

सलोमत आतून म्हणाली, "जन्मभर पोरांना रेघा मारायला शिकवलं, आणि स्वतःची एक धड येईना! अका, तुम्ही यांना अंगठे धरून उभं करा."

प्रकरण मोहल्ल्याच्या समितीकडे गेलं. अध्यक्ष तुर्सुनबाय सहा सदस्यांसह पाहणीला आले. पाहुणा आला की ताजी रोटी पुढे ठेवणं भाग असतं, म्हणून पाहणी तीन बैठकांत पार पडली. निष्कर्ष असे: एक, भट्टी बेकायदा आहे. दोन, रोटी उत्तम आहे. तीन, ज्या भट्टीची रोटी खाल्ली तिच्यावर कुदळ उगारणं पाप असून समितीने ती खाल्लेली आहे. सबब, रोटी न खाल्लेला माणूस शोधून त्याच्या हातून भट्टी पाडावी. शोध घेण्यात आला. एक म्हातारा मिळाला, त्याला दात नव्हते; पण तो रोज चहात बुडवून खातो, असं चौकशीत उघड झालं.

गुरुवार उजाडला. एरगाश-अकांनी टोपी मागे सरकवली. "भट्टी हलत नाही. कपाट लहान होत नाही. मास्तर, भिंतीलाच भोक पाडू. भट्टीला नको, बाजूच्या भिंतीला. कपाटाची दारं आमच्याकडे, पाठ तुमच्याकडे."

समितीने या तोडग्याचं स्वागत केलं. (ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हे मीच त्यांना समजावून दिलं.) एरगाश-अकांनी लगेच हशर बोलावली. मला जावंच लागलं. या खेपेला दोरी सलोमतने धरली. माझ्या स्वयंपाकघरात घुसलेल्या कपाटाभोवती मी स्वतःच्या हातांनी विटा रचत होतो, तेव्हा लक्षात आलं की कपाट दीड हात आत आलंय. त्यातला एक हात त्यांचाच. पण अर्धा निखळ माझा. मी वर पाहिलं. एरगाश-अका कढईत तांदूळ सोडत होते.

"मास्तर, काही म्हणताय?"

"छे. भिंत चांगली उभी राहिली."

शुक्रवारी मुनीरा-अपांनी टेप लावली, मान डोलावली आणि दोन रोट्या खाल्ल्या. आता अकांच्या सुनेच्या रेशमी झग्यांना भाजलेल्या तिळांचा वास येतो. माझ्या हक्काच्या अर्ध्या हातात तिच्या थंडीतल्या रजया आहेत. कचेरीतून अजून कोणी आलेलं नाही. आलं, तर रोटी तयार आहे.

हे वाचून आपण हसला असाल, तर तो आपला अधिकार आहे. आपल्या घराची हद्द कागदाबरहुकूम असणार, याबद्दल मला शंका नाही. दाराबाहेर, जिन्याच्या वाटेत ठेवलेलं ते चपलांचं कपाट तात्पुरतं आहे, हेही मी जाणतो. माझी भट्टीही तात्पुरतीच आहे.