भागीरथीबाईंचे भ्रूमध्य

भ्रूमध्यी तृतीय नेत्र धारण करणाऱ्या शंभूस वंदन करून आमच्या शेजारीण भागीरथीबाई यांच्या भ्रूमध्याची हकीकत निवेदन करतो. आज रविवारी सायंकाळी कपाळी गंध रेखीत असता भिंतीपलीकडून त्यांचे ओरडणे कानी आले, हेच निमित्त.

बाईंच्या भुवया नाकाच्या मुळाशी एकमेकींस कडकडून भेटलेल्या. लातुरात शिकवणीसाठी राहणाऱ्या मुलींची त्या खाणावळ चालवतात. स्वस्थ बसणे त्यांस ठाऊक नाही. पोळी तव्यावर टाकून आरशाशी धावत, भुवयांमधली जागा चोळीत आणि म्हणत, "मिशी हाय ही, मिशी! वाट चुकून वर उगवली." तोवर पोळी करपे.

साठीनंतर त्यांनी लेझरचा ध्यास घेतला. मुली म्हणत, "मावशी, दोऱ्यानं काढून देऊ?"

"फिरून उगवतंय ते. मला कायमचं मोकळं पाहिजे."

"स्थळ आलंय का?"

"आलंय की. औशाचा किल्लेदार हाय. जेव गप."

एके दिवशी सोबतीस मला नेले. दवाखान्यात त्या खुर्चीवर टेकेनात, नुसत्या येरझारा.

"गुर्जी, लई दुखतं का हो?"

"मी कधी करून घेतले नाही, बाई."

"मग आलाव कशाला?"

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिले. "मावशी, केसांखाली गोंदण आहे. त्यावर लेझर चालत नाही. कातडी भाजेल, गोंदणही पुसट होईल."

बाई ताडकन उठल्या. दोन्ही तळव्यांनी कपाळ झाकले. "पुसट? अवं, त्येच दिसावं म्हणून तर आले!"

मग दवाखान्याच्या पायरीवर त्या प्रथमच बसल्या. लहानपणी जत्रेत मायलेकींनी एकाच गोंदणारणीकडून कपाळी सारखेच तुळशीपान गोंदवले होते. भूकंपात माय घराखाली गेली. फोटोही उरला नाही.

"आरशात पान दिसलं की माय दिसायची, गुर्जी. आता केसांत बुडाली. दुसऱ्यांदा गाडल्यावानी वाटतंय."

खाणावळीत मीच हे सांगितले. तेव्हापासून रविवारची परीक्षा आटोपली की एखादी मुलगी दोरा दातात धरून बाईंसमोर बसते. "भवाने, कपाळ उपटती काय!" बाई ओरडतात, हलत मात्र नाहीत. मग आरसा मांडीवर घेऊन त्या पानावर बोट ठेवतात. तव्यावर तेव्हा पोळी नसते.

वाचकहो, तुमच्या घरची माणसे सुखरूप नांदोत. आणि जी गेली, त्यांची मुखे तुमच्या आरशात शंभू सदैव निर्मळ राखो.