भोकमुक्त प्रमाणपत्र

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवरचा वरिष्ठ लिपिक 'शून्ययान : पुनरारंभ' हा चित्रपट पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला पाहून आला आणि जेवला नाही. बायकोने तीन हाका मारल्या. शेवटी ती स्वतः येऊन बघते, तर नवरा पाठकोऱ्या कागदावर खाली मान घालून लिहीत बसलेला.

"अहो, कोणी गेलं का?"

"कप्तानाने हेल्मेट काढलं."

"बरं, मग?"

"हवा नसलेल्या ग्रहावर! आणि वर रुमालाने डोळे पुसले."

बायको रुग्णालयात परिचारिका होती. हवा मिळाली नाही की माणसाचं काय होतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण तिची पाळी सुरू व्हायला वीस मिनिटं उरली होती. ताटावर झाकण ठेवून ती निघून गेली.

शून्ययानाचे जुने सात भाग लिपिकाला तोंडपाठ होते. वीस वर्षांनी कंपनीने जाहीर केलं होतं की मागचं सगळं विसरा, गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू. सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे झेपणारं नव्हतं. जुनी फाइल बंद न करता त्याच विषयाची नवी फाइल उघडायची, हे कुठल्या नियमात बसतं?

दुःख त्याचं एकट्याचं नव्हतं. रविवारी सकाळी दंतवैद्याच्या बंद दवाखान्यात, रुग्णांसाठी ठेवलेल्या बाकांवर अकरा चाहते जमले. दंतवैद्याने पहिला मुद्दा मांडला. सुरुवातीला कप्तान हसतो तेव्हा त्याची उजवीकडची दाढ भरलेली दिसते. शेवटच्या प्रसंगात तो किंचाळतो तेव्हा तीच दाढ धडधाकट असते.

"मधल्या काळात अवकाशात दवाखाना होता का?" दंतवैद्याने विचारलं. 

गणिताच्या निवृत्त बाईंनी घड्याळ लावून चित्रपट पाहिला होता. "स्फोटाला दहा सेकंद उरले म्हणतो आणि त्यानंतर एकेचाळीस सेकंद बोलतो. त्यातले नऊ सेकंद आईची आठवण काढण्यात. माझ्या वर्गात असता तर अंगठे धरून उभा केला असता."

लिपिकाची हरकत अधिक मूलभूत होती. "यान अवकाशतळाच्या फाटकातून बाहेर पडलं त्याची नोंद कुठंय? किती वाजता गेलं, कुणाच्या सहीने गेलं? उद्या ते हरवलं तर जबाबदार कोण?"

 हा माणूस आपल्या सगळ्यांच्या पुढचा आहे हे एकमताने मान्य झालं आणि तिथल्या तिथे त्याला 'कथाभोक शोध व नोंद समिती'चा चिटणीस नेमण्यात आलं.

नोंदवही उघडली. प्रत्येक भोकाला आवक क्रमांक मिळू लागला. चौथ्या रविवारी दंतवैद्याने शंका काढली की भोक म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरायला हवं. त्यावर व्याख्या उपसमिती बसली. तिने भोक, फट आणि ओरखडा असे तीन वर्ग पाडले. पोकळीत इंजिनाचा आवाज येणं ही फट की भोक, यावरून गणिताच्या बाई आणि दंतवैद्य यांचं बोलणं बंद झालं. पुढे दोघं एकमेकांशी चिटणिसामार्फत लेखी बोलू लागले; बसायचे मात्र एकाच बाकावर.

कार्यालयातही कामाचा ताण वाढला. एका सकाळी खिडकीशी एक बाई आली. तिच्या नळाला अठरा दिवस पाणी नव्हतं.

"जोडपत्र ब कुठंय?" लिपिकाने वहीतून डोकं न काढता विचारलं.

"ते कुठे मिळतं?"

"जोडपत्र अ भरल्यावर."

"पण साहेब, अठरा दिवस झाले. घरात थेंब नाही."

"अहो, तुमचे अठराच दिवस झाले. इथे एक माणूस हवेशिवाय सव्वादोन मिनिटं उभा आहे आणि कुणी विचारत नाही!"

बाई घाबरून मागे सरली. लिपिकाने एकशे सत्त्याण्णवावं भोक नोंदवलं.

दोनशे चौदा भोकांचं निवेदन तीन प्रतींत चित्रपट कंपनीकडे गेलं. एरवी कंपनीने ते बासनात गुंडाळलं असतं. पण चित्रपट सडकून आपटला होता आणि खापर फोडायला ही भोकं सोयीची होती. तिने जाहीर करून टाकलं की पुढचा भाग समितीच्या मंजुरीनेच बनेल आणि पडद्यावर सर्वांत आधी 'भोकमुक्त प्रमाणपत्र' झळकेल.

पटकथा घेऊन कंपनीची लेखिका दवाखान्यात हजर झाली. उत्साही होती, स्वतःचा पेन घेऊन आली होती. समितीने पहिल्याच बैठकीत प्रकाशाहून वेगवान प्रवास रद्द केला. त्यामुळे शेजारच्या ताऱ्यावर पोहोचायला गणिताच्या बाईंच्या हिशेबाने त्र्याहत्तर हजार वर्षं लागू लागली. एवढा काळ दात टिकत नाहीत, असं दंतवैद्याने लेखी कळवलं. मग प्रवासच काढला. परग्रहवासी मराठी कसे बोलतात याचा खुलासा मिळेना, तेव्हा परग्रहवासी काढले. दोन दिवसांत जमलेलं प्रेम प्रमाणाबाहेर ठरलं. शेवटी कप्तान उरला, यान उरलं आणि तळाचं फाटक उरलं.

"मग यात घडतं काय?" लेखिकेने विचारलं.

"उड्डाणाची परवानगी," लिपिक म्हणाला आणि पेन उचलून त्याने आयुष्यात प्रथमच स्वतः प्रसंग लिहिले. कप्तान अर्ज करतो. अर्जाला जोडपत्र नसतं. जोडपत्र देणारा रजेवर असतो. रजेचा अर्ज मंजूर करणारा दौऱ्यावर असतो. लिहिताना त्याचा हात कुठेच अडखळला नाही. अडीच तासांची पटकथा तयार झाली आणि सूक्ष्मदर्शक लावूनही कुणाला एक ओरखडासुद्धा सापडला नाही.

शेवटच्या बैठकीत इतर सगळे गेल्यावर लेखिका बाकावर तशीच बसून राहिली. पेन कधीच हरवला होता.

"चिटणीस साहेब, एक मागू? शेवटी त्याला जाऊ द्या ना."

"कशाच्या आधारे?"

"कशाच्याच नाही. खिडकीतला माणूस वर बघतो. हा किती दिवस उभा आहे ते त्याला दिसतं. तो म्हणतो, बसा, तुमचं काम आत्ता करून देतो. आणि करतो. एवढंच."

 लिपिकाने नियम आठवून पाहिले. खिडकीतल्या माणसाने वर बघू नये, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. शिक्का त्याच्या टेबलावरच असतो. सहीला चार सेकंद लागतात. होऊ शकतं की, त्याला वाटलं. त्याने पानावर 'मंजूर' लिहिलं.

चित्रपट लागला. थिएटर खच्चून भरलं. लिपिक बायकोला घेऊन गेला. लोक दोन तास चोवीस मिनिटं श्वास रोखून बघत होते. कप्तान रांगेत उभा राहिला तेव्हा बायका पदराने डोळे पुसत होत्या. खिडकी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद झाली तेव्हा कुणीतरी मागून ओरडलं, "अगदी अस्संच!" मग शेवटचा प्रसंग आला. खिडकीतल्या माणसाने वर बघितलं आणि म्हणाला, "बसा, तुमचं काम आत्ता करून देतो."

 मग पहिल्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं थिएटर उसळलं. शिट्ट्या, आरोळ्या, कागदाचे बोळे.

"काय वेड्यात काढता का आम्हाला?"

"असं कुठं असतं का राव!"

दंतवैद्य आणि गणिताच्या बाई कित्येक महिन्यांनी एकमेकांशी तोंडाने बोलले. "भोक," बाई म्हणाल्या. "भगदाड," दंतवैद्य म्हणाला. मध्यंतरात घेतलेले दाणे अजून मुठीत असतानाच समितीने चिटणिसाचं सभासदत्व रद्द केलं.

घरी येताना बायको म्हणाली, "मला तेवढाच प्रसंग आवडला. बाकी सगळं तर मी रोज बघते."

 दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली तेव्हा लिपिकाने वर बघितलं. रांगेत सर्वांत पुढे एक मध्यमवयीन गृहस्थ होता. हातात अर्ज, बगलेत छत्री, चेहरा अपमानासाठी आधीपासूनच तयार.

"बसा," लिपिक म्हणाला. "तुमचं काम आत्ता करून देतो."

गृहस्थाने मागे वळून पाहिलं. आपल्यालाच म्हणताहेत याची खात्री झाल्यावर त्याने अर्ज छातीशी घट्ट धरला. "का?"

"म्हणजे?"

"आत्ता का? जोडपत्र नको?"

"नको. द्या इकडे, सही करतो."

"नको नको, राहू दे." गृहस्थ दोन पावलं मागे गेला आणि रांगेतल्यांना म्हणाला, "हा लगेच सही करतोय!"

रांगेत कुजबूज झाली. एकाने विचारलं, याचं डोकं ठिकाणावर आहे ना. दुसऱ्याने सांगितलं, यात काहीतरी काळंबेरं आहे, सावध राहा. पाहता पाहता सगळी रांग शेजारच्या खिडकीपुढे सरकली. तिथला लिपिक जागेवर नव्हता आणि कधी येईल हे कुणालाच माहीत नव्हतं. लोक हुश्श करून उभे राहिले.

दुपारी साहेबांच्या टेबलावर तक्रार आली : 'सदर कर्मचाऱ्याने आमचे काम विनाविलंब करण्याचा प्रयत्न केला. सखोल चौकशी व्हावी.' खाली बावीस सह्या होत्या. लिपिकाने त्या एकेक करून वाचल्या. एकवीस त्याला ओळखता आल्या नाहीत. बाविसावी मात्र, वाचकहो, तुम्ही जरा घाईत केलेली दिसते.