चालू मशीनकडे पाठ

अण्णासाहेबांच्या रिटायरमेंटला आठ दिवस उरले होते, आणि भिमाबाईंना त्या निमित्ताने कानातली नको होती, साडी नको होती, काश्मीरची सहलही नको होती. त्यांना मशीन बघायचं होतं. तीस वर्षं पहिल्या शिफ्टचा डबा भरून दिला; तो जातो कुठे, हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

ते होण्यासारखं नव्हतं. चाकणच्या त्या कंपनीत गेटवरच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवत. त्यामुळे अण्णासाहेबांचा प्रेसशॉपमधला, म्हणजे पत्रा दाबायच्या विभागातला, एकही फोटो नव्हता. एका वर्षी ‘फॅमिली डे’ला भिमाबाई हौसेने गेल्या होत्या; पण त्यांना लॉन, कॅन्टीन आणि एक जादूगार दाखवून कंपनीच्या बसने पुन्हा संत तुकाराम नगरच्या कोपऱ्यावर सोडलं होतं.

मग विषय लेकीकडे आला. मिनल कारखान्यांसाठी प्रशिक्षणाचे व्हिडिओ करायची. मागे हिरवा पडदा लावायचा की नाही, हे ठरवायला तिचे तीन प्रश्न होते. जागेवर प्रत्यक्ष जाता येतं का? माणसाच्या अंगावर हिरवं काही आहे का? मागच्या चित्रातल्या वस्तूला त्याला हात लावायचा आहे का? पहिल्याचं उत्तर ‘येत नाही’ आणि उरलेल्या दोन्हींचं ‘नाही’ असेल तरच ती पडदा लावायची. सात वर्षांत हा हिशेब चुकला नव्हता. आईसाठी मात्र तिने फक्त पहिला प्रश्न विचारला आणि रविवारी सगळ्यांना काळेवाडीत नदीमच्या स्टुडिओवर नेलं.

नदीम तिच्यासोबत आधी नोकरीला होता. आता लग्नाची जोडपी हिरव्या पडद्यापुढे उभी करून त्यांना बर्फात पाठवायचा. त्याने काकूंना खुर्ची दिली. भिमाबाई मांडीवर डबा घेऊन बसल्या. रिकामाच होता, पण मशीनपाशी जायचं तर डबा हवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

अण्णासाहेब कंपनीच्या निळ्या युनिफॉर्ममध्ये, भांग पाडून आले. नदीमने संगणकावर त्यांच्या मागे प्रेसशॉपचं चित्र लावलं, आणि काकांच्या छातीला आरपार भोक पडलं. खिशावरचा सेफ्टीचा बिल्ला हिरवा होता, आणि संगणक हिरवं दिसेल ते पुसून तिथे मागचं चित्र भरत होता. त्या भोकातून मागची प्रेस दिसत होती.

“अण्णा, तेवढा बिल्ला काढा.”

“न्हाई निघायचा.” बावीस वर्षं बोटाला साधं खरचटलंही नाही, त्याचा तो बिल्ला होता.

मिनलने निळा पडदा मागितला. नदीम डोकं खाजवत म्हणाला, “ताई, निळा लावला तर बिल्ला राहील, काका जातील.”

शेवटी भोक मी नंतर एडिटिंगमध्ये बुजवीन, असं मिनलने कबूल केलं. मग अण्णासाहेबांनी संगणकावरचं चित्र नीट पाहिलं. ते इंटरनेटवरून घेतलेलं होतं. ही शॉप कुणाची, असं त्यांनी विचारलं. इथं जमिनीवर तेलाचा एक डाग नाही, म्हणजे इथं कुणी काम करत नसणार. नदीमने चित्र काढून टाकलं. नुसतं उभं राहा काका, मागचं नंतर बघू, म्हणाला.

“इकडं बघा. मशीन तुमच्या मागे आहे असं समजा, आणि काकूंना सांगा.”

अण्णासाहेब तसं समजले, आणि तिथेच सगळं बिघडलं. ते शांतपणे वळले आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे राहिले.

नदीमने त्यांना खांदे धरून फिरवलं. ते पुन्हा वळले. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा मिनलचा आवाज थोडा चढला. “अण्णा, तिथे काही नाहीये. कापड आहे.”

“हा नदीमच म्हणाला ना, मशीन हाय समजा म्हणून? चालू मशीनकडं पाठ करायची नसती. नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो मी.”

“मग बंद आहे असं समजा.”

“बंद मशीन काय दाखवायचं तुझ्या आईला?”

मिनलने तिसरा, हात लावायचा प्रश्न वेळेवर विचारला असता तर रविवार वाचला असता. नदीमने कॅमेरा तसाच चालू ठेवून चहा मागवला.

तेवढ्यात भिमाबाई उठल्या. “डबा कुठं ठेवता?”

“त्या तिथं, खिडकीखाली. तेलाची टाकी हाय, तिच्यावर.” अण्णासाहेबांनी हिरव्या कापडाच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं. भिमाबाई डबा घेऊन निघाल्या तसा त्यांनी हात आडवा धरला. “तिकडनं न्हाई. पिवळ्या लायनीच्या आत ऑपरेटरशिवाय कुणी यायचं न्हाई.”

जन्मात नवऱ्याचं न ऐकलेल्या भिमाबाईंनी पाऊल मागे घेतलं. फरशीकडे बघत त्या लायनीला वळसा घालून कोपऱ्यापाशी गेल्या आणि डबा ठेवला.

“टाकीवर का पण?”

“प्रेस चालली की तेल तापतं. टाकी गरम ऱ्हाती.”

भिमाबाईंनी डब्याला हात लावून पाहिला. “म्हणजे भाजी गार न्हाई खाल्ली?”

“कधीच न्हाई.”

“तीस वर्षं मला वाटायचं, गार खात असतील.”

“मला काय ठाऊक, तुला असं वाटतंय म्हणून. विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

मग ते सगळंच सांगत सुटले. दोन्ही हात दोन बटणांवर ठेवल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, पत्रा डावीकडून येतो, गाडीचं दार बनून उजवीकडे जातो. भिमाबाई मान वळवून कापडाच्या डावीकडून उजवीकडे बघत होत्या. चहा आला, त्यावर साय धरली.

निघताना नदीमने एक फोटो तरी नीट काढू या म्हणून तिघांना पडद्यापुढे उभं केलं. “काकू, इकडे बघा.”

“कसं बघू? मशीन चालू हाय ना.” भिमाबाईंनी तोंड पडद्याकडेच ठेवलं. अण्णासाहेब तर आधीपासून तसेच होते. मिनल क्षणभर एकटीच कॅमेऱ्याकडे बघत उभी राहिली. मग तीही वळली.

“मागे काय टाकू?” नदीमने विचारलं.

“काही नको,” मिनल म्हणाली. “अण्णांनी सगळं लावलंय.”

निरोपाच्या दिवशी हॉलच्या दारात तो फोटो मोठा करून लावला होता: हिरवं कापड आणि तीन पाठी. पाहुणे यायचे, थबकायचे, फोटो उलटा छापला का असं विचारून जेवायला जायचे. दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेले शेजारच्या प्रेसवरचे लक्ष्मणराव मात्र चष्मा लावून बराच वेळ फोटोपुढे उभे राहिले. मिनल त्यांना समजावून सांगायला पुढे झाली, तोवर त्यांनी मान डोलावली.

“वहिनी बरोबर पिवळ्या लायनीच्या बाहेर उभ्या हायेत,” ते म्हणाले. “पोरी, तू जरा मागं सरायला पायजे होतंस.”